यूएफसी ५ घ्यावा, जुना अनडिस्प्यूटेड ३ शोधावा, की शब्दांतली लढत वाचावी?

अमेरिकेत शनिवारची रात्र चढत असते तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडलेला असतो. यूएफसी ही एमएमएच्या, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी अमेरिकन संघटना; जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं एकत्र चालतं. तिचं मेन कार्ड, म्हणजे रात्रीच्या मुख्य लढती, मराठी घरांत साधारण पोह्यांच्या वेळेला लागतं. सोनीच्या क्रीडा वाहिन्यांवर हिंदी समालोचन आल्यापासून बघणारेही वाढलेत. यातल्या बऱ्याच जणांना लवकरच पुढचा प्रश्न पडतो: बघून झालं, आता व्हिडिओगेमवर खेळायचं तर काय खेळायचं?

पर्याय दोन घराण्यांतले आहेत. पहिल्यात कंट्रोलर हातात घेऊन स्वतः ठोसे मारायचे. ईए स्पोर्ट्सचा यूएफसी ५ आणि त्याच्या दोन कन्सोल-पिढ्या आधीचा यूएफसी अनडिस्प्यूटेड ३ हे इथले. दुसऱ्या घराण्यात चित्र जवळजवळ नाहीच. तुम्ही पैलवान सांभाळता किंवा लढती जुळवता आणि लढत ओळीओळीनं वाचता. वर्ल्ड ऑफ मिक्स्ड मार्शल आर्ट्स ५ आणि ब्राउझरमध्ये चालणारा एमएमए टायकून हे त्यातले.

ग्राफिक्सची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण एकीकडे ते आहेत आणि दुसरीकडे नाहीत. मी जास्त वेळ समालोचनावर घालवणार आहे. एमएमएचा निम्मा आनंद कानानं मिळतो. उभ्याची मारामारी कुणालाही कळते, पण दोघं जाळीला टेकून किंवा मॅटवर गुंतून पडले की समालोचकाशिवाय नवख्याला काहीच उमगत नाही. खेळ निवडताना ही गोष्ट बहुतेक जण धरतच नाहीत.

आधी हातातला खेळ. यूएफसी ५ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एसवर. पीसीवर तो नाही. म्हणजे घरात नवा कन्सोल नसेल तर निर्णय खेळाचा उरत नाही, मोठ्या खर्चाचा होतो. मूळ रचना सोपी आहे. चार बटणं म्हणजे चार अवयव: डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. बाकीची बटणं धरली की तोच ठोसा पोटात जातो किंवा साधी लाथ वेगळ्या प्रकारची होते. यावेळी जखमांचं काम खरंच चांगलं झालंय. डोळा सुजला तर तो सुजलेलाच राहतो, भुवई फाटली तर डॉक्टर तपासायला येतो, आणि डॉक्टर लढत थांबवूही शकतो. खऱ्या लढतीत डॉक्टर आत आला की पोटात जो गोळा येतो, तो इथेही येतो.

जमिनीवर मात्र खेळ थोडा कोरडा पडतो. एका स्थितीतून दुसरीत जायचं तर स्टिकची दिशा द्यायची, समोरच्यानं ती ओळखली तर तो अडवणार. दम किती उरलाय यावर बरंच अवलंबून असतं. पकड, वजन टाकणं, मानगूट दाबून ठेवणं हे सगळं त्या ओळखाओळखीत विरघळून जातं.

कुस्ती बघत वाढलेल्या मंडळींना इथे वेगळं सांगायला हवं. पट काढला, समोरचा पाठीवर पडला, की आपल्या डोक्यात कुस्ती संपलेली असते. एमएमएमध्ये ती तिथून सुरू होते. खाली पडलेला माणूस दोन्ही पायांत वरच्याला अडकवून त्याचा हात पिळायला किंवा मान आवळायला निघालेला असू शकतो. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय भरत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला पहिल्याच फेरीत साँग याडाँगच्या गिलोटीन चोकमध्ये, म्हणजे समोरून मान काखेत आवळण्याच्या डावात, सापडला. मुळात कुस्तीची तालीम असलेल्यांनी मानेची ही काळजी नव्यानं शिकायची असते. खेळातही तेच. यूएफसी ५ मध्ये तुम्ही सतत पट काढत राहिलात तर जिंकाल असं नाही, आणि का हरलात हे पडद्यावर नीट कळेल असंही नाही. ते कळायला समालोचन लागतं.

आता त्या समालोचनाकडे. खऱ्या प्रक्षेपणात कामाची वाटणी ठरलेली असते. एक जण काय घडलं ते सांगतो, दुसरा का घडलं ते. जॉन अनिक पहिल्या प्रकारातले. त्यांच्या शेजारी बसणारे डॅनियल कॉर्मिए दोन वजनगटांत यूएफसी विजेते होते आणि २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत चौथे आले होते. हा माणूस पट कसा काढला हे सांगू लागला की कान टवकारावेत. पण चाहत्यांची त्यांच्याबद्दल तक्रारही आहे: ते रंगून जातात, एखाद्या पैलवानाच्या बाजूनं वाहवतात, आणि घरी बसून गुण देणारा प्रेक्षक त्या ओघात चुकतो. बँटमवेट या हलक्या वजनगटाचे माजी विजेते डॉमिनिक क्रूझ यांनी तर डिसेंबर २०२१ मध्ये, यूएफसी २६९ या स्पर्धेच्या आधी, पत्रकारांसमोरच सांगितलं होतं की कॉर्मिए अभ्यास करून येत नाहीत आणि आपण त्यांचा आवाज बंद करतो. क्रूझ स्वतःही समालोचन करायचे, म्हणजे ही सहकाऱ्यानं दिलेली पावती. मला मात्र कॉर्मिएंचं वाहवणंही आवडतं. ते चुकतात तेव्हा समोरची लढत बघूनच चुकतात.

यूएफसी ५ मध्ये हीच जोडी आहे, अनिक आणि कॉर्मिए. आवाज तेच, गळ्याचा चढउतार तोच, पैलवानांची नावं पुकारणाऱ्या ब्रूस बफर यांची पुकारही तीच. पहिल्या काही लढतींत रविवारची सकाळच वाटते. पण हे लोक तुमची लढत बघत नाहीयेत. त्यांनी स्टुडिओत बसून वाक्यांचा ढीग रेकॉर्ड केलाय आणि खेळ त्यातलं एक उचलतो: डावा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) नीट लागला, समोरचा डगमगला, तर अमुक गटातलं वाक्य. त्यामुळे वाक्य खोटं नसतं, पण ते तुमच्या लढतीचंही नसतं. दोन फेऱ्या तुम्ही समोरच्याच्या पुढच्या पायावर लाथा मारून तो निकामी केलात, तिसऱ्या फेरीत तो पाय टाकायला घाबरतोय, म्हणून तुमचा उजवा हात लागला. हा धागा माणूस ओढतो. रेकॉर्ड केलेलं वाक्य क्वचितच ओढतं. काही आठवड्यांत वाक्यं पाठ होतात आणि मग ती टोचायला लागतात. स्वतः बनवलेल्या पैलवानाचं नाव रेकॉर्ड केलेल्या यादीत नसलं तर टोपणनावावर भागवायचं, हे वेगळंच.

हे काम बोलणाऱ्यालाही सोपं नाही. यूएफसीचे समालोचक जो रोगन यांचा आवाज आधीच्या खेळांमध्ये होता, यूएफसी ४ पासून नाही. तासन्‌तास एकटं बसून न घडलेल्या लढतीवर ओरडायचं हे काम आपल्याला नकोसं वाटतं असं त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. ईएनं २०१० च्या ईए स्पोर्ट्स एमएमएमध्ये यावर एक वेडा उपाय करून पाहिला होता, निवडक ऑनलाइन लढतींना प्रत्यक्ष निवेदकांचं थेट समालोचन. कल्पना छान होती, पण टिकली नाही.

अनडिस्प्यूटेड ३ चं नाव अजून का निघतं? फेब्रुवारी २०१२ चा खेळ, टीएचक्यू कंपनीचा. त्याच वर्षी यूएफसीचा परवाना ईएकडे गेला आणि टीएचक्यू लवकरच बुडाली, त्यामुळे हा शेवटचाच ठरला. त्यातला प्राइड मोड हे खरं आकर्षण. जपानमधल्या प्राइड स्पर्धांचे नियम, म्हणजे पहिली फेरी दहा मिनिटांची, पिंजऱ्याऐवजी दोरांचं रिंग, आणि खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारायची मुभा. त्या मोडमध्ये समालोचनही प्राइडच्या जुन्या जोडीचं, स्टीफन क्वाड्रोस आणि बास रुटेन. रुटेन स्वतः यूएफसीचे हेवीवेट विजेते होते आणि यकृतावर बसणाऱ्या फटक्याबद्दल ते ज्या प्रेमानं बोलतात तसं कुणी बोलत नाही. वाक्यं इथेही रेकॉर्ड केलेलीच आहेत, पण बोलण्यात खोडकरपणा आहे, म्हणून ती उशिरा शिळी होतात. प्राइड बघून मोठे झालेल्यांनी जुना प्लेस्टेशन ३ किंवा एक्सबॉक्स ३६० मिळत असेल तर घ्यावा. बाकीच्यांनी त्या फंदात पडू नये, कारण आजचे पैलवान त्यात नाहीत आणि ऑनलाइन खेळायला कुणी भेटणार नाही.

दुसऱ्या घराण्यात शिरताना पहिला अर्धा तास निराशेचा जातो. आकडे, याद्या, रकाने. वर्ल्ड ऑफ मिक्स्ड मार्शल आर्ट्स ५ हा ग्रे डॉग सॉफ्टवेअरचा, विंडोज पीसीवर एकट्यानं खेळायचा. तो बनवणारे अ‍ॅडम रायलँड तमाशेबाज कुस्तीच्या व्यवस्थापनाच्या खेळांसाठीही ओळखले जातात. इथे तुम्ही लढत नाही, लढती जुळवता. मूळ खेळातलं जग काल्पनिक आहे, अमेरिकेत गामा आणि जपानमध्ये अल्फा-१ अशा बनवलेल्या संघटना. पण चाहत्यांनी खऱ्या पैलवानांच्या आणि खऱ्या काळाच्या फायली तयार केल्यात, त्या घालता येतात. स्वतःही पैलवान घडवून आत टाकता येतात. अंशुल जुबली किंवा जून २०२४ मध्ये यूएफसीतली लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला पूजा तोमर यांची कारकीर्द वेगळ्या वाटेनं नेऊन बघायची हौस असेल, तर ती इथे भागते.

इथलं सुख वेगळं आहे. समजा तुमचा विजेता कुस्तीवाला आहे. हरत नाही, पण पाच फेऱ्या समोरच्याला दाबून ठेवतो आणि लोक कंटाळतात. त्याच्यासमोर सर्वांत लायक माणूस उभा करायचा, की सर्वांत लोकप्रिय? एमएमएचे चाहते आठवडाभर ज्यावर भांडतात तेच हे प्रश्न. यूएफसीचे प्रमुख दाना व्हाइट यांना शिव्या घालणाऱ्यानं एकदा त्या खुर्चीत बसून बघावं.

एमएमए टायकूनमध्ये समोर माणसं असतात, हा त्याचा मोठा फरक. तुम्ही पैलवानांचे मॅनेजर. संघटना, जिम, कपड्यांच्या कंपन्यासुद्धा खेळणाऱ्यांनीच चालवलेल्या. लढत ठरते, तारीख आणि वेळ पडते, आणि तोवर डावपेच ठरवून ठेवायचे: उभ्यानं किती लढायचं, पट किती वेळा काढायचा, खाली गेल्यावर मारायचं की आवळायचं. घंटा वाजली की तुमच्या हातात काही राहत नाही. फोनवर चालतो, इंटरनेट हळू असलं तरी बिघडत नाही. यूएफसी ५ च्या ऑनलाइन लढतीत क्षणाचा उशीर झाला की बचाव चुकतो आणि त्याची चिडचिड वेगळीच.

समालोचनाच्या कसोटीवर हे घराणं अनपेक्षितपणे पुढे निघतं. इथे आवाज नाही, गळा नाही, ओळी साध्या: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) हुकला, पुन्हा जॅब लागला, जाळीला नेलं, पट अडवला. पण प्रत्येक ओळ आत खरंच घडलेल्या गोष्टीची नोंद आहे. ओळ आणि लढत यांत फट पडूच शकत नाही, कारण ओळींपलीकडे दुसरी लढत अस्तित्वात नाही. दुसऱ्या फेरीत पट सतत अडवले जातायत हे वाचताना तुम्हाला स्वतःलाच कळतं की तिसऱ्या फेरीत आपला गडी दमणार. ‘का’ सांगणारा समालोचक तुम्हीच होता. ओळी इथेही ठरावीक साच्याच्या आहेत, पुन्हापुन्हा येतात. पण डोळा ओळखीची ओळ उडी मारून पुढे जातो, कानाला ती सोय नाही.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांच्या तोंडून क्रिकेट ‘बघितलेली’ पिढी आपल्याकडे आहे. आणि कुस्तीच्या मैदानात गर्दीत मागे उभं राहिलं तर आखाड्यातलं निम्मं दिसतच नाही, शंकर पुजारींसारख्या निवेदकाच्या शब्दांवरच डाव डोळ्यांसमोर येतो.

तर निवड कशी करायची? तुम्ही लढत बघताना खुर्चीतून हात हलवत असाल, ठोसा चुकवताना मान वळत असेल, मित्र घरी येत असतील, तर यूएफसी ५ शिवाय पर्याय नाही. शेजारी बसलेल्या मित्राशी खेळताना समालोचन कोण ऐकतंय? शब्दांचा कुठलाच खेळ ती संध्याकाळ देऊ शकत नाही. पण लढतीपेक्षा लढतीची चर्चा जास्त आवडत असेल, कुणाची कुणाशी लावायला हवी होती यावर तुमचा जीव जडला असेल, निकालानंतर पंचांचे गुण तपासत बसत असाल, तर पन्नास हजारांच्या घरातला कन्सोल घेण्याआधी टायकून फुकट सुरू करून बघा. तो लागला आणि माणसांच्या वेळा पाळणं जमेना, तर वर्ल्ड ऑफ मिक्स्ड मार्शल आर्ट्स ५ घ्या. दोन्ही प्रकारचे चाहते असलेल्या घरात दोन्ही नांदू शकतात. एक टीव्हीवर, एक फोनवर.

यूएफसी ५ घेतलात तर काही आठवड्यांनी सेटिंगमध्ये जाऊन समालोचनाचा आवाज शून्यावर आणा आणि गर्दीचा तसाच ठेवा. लढती लगेच जास्त खऱ्या वाटायला लागतात. टायकूनमध्ये पहिले काही पैलवान हरणारच आहेत, त्यांच्यावर खेळातले फार पैसे लावू नका. आणि कोण जिंकलं ते आधी बघण्याचा मोह टाळून लढत पहिल्या ओळीपासून वाचा, नाहीतर उरतो तो फक्त आकडा.