डक्टची गळती बुजवावी, इन्सुलेशन चढवावे की डक्टच बदलावेत?

मध्यवर्ती वातानुकूलन किंवा तापनयंत्रणा असलेल्या घराचे वीजबिल वाढले की पहिला संशय यंत्रावर जातो. पुष्कळदा यंत्र आपले काम चोख करत असते, पण त्याने थंड वा गरम केलेली हवा खोलीपर्यंत पोचण्याआधीच वाटेतल्या डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळांतून, गळत असते. अमेरिकेतील ‘एनर्जी स्टार’ या शासकीय कार्यक्रमाच्या अंदाजानुसार, सर्वसाधारण घरात डक्टमधून वाहणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटी, भोके आणि सैल सांधे यांतून वाया जाते.

उपाय निवडण्याआधी डक्ट कुठून गेले आहेत ते पाहावे. ते वातानुकूलित भागाच्या आतूनच गेले असतील, तर गळलेली हवा बहुतांशी घरातच राहते. एखादी खोली कमी गार होते, एवढेच. मात्र छताखालची तापलेली पोकळी, जमिनीखालची मोकळी जागा किंवा गॅरेज यांतून डक्ट जात असतील, तर गळती बुजवणे आणि इन्सुलेशन, म्हणजे उष्णतारोधक आवरण, या दोन्ही गोष्टी लागतात, आणि त्याही याच क्रमाने.

हा क्रम अनेकदा उलटा होतो, कारण इन्सुलेशनचे काम डोळ्यांना दिसते. परंतु काचतंतूंचे आवरण उष्णता अडवते, हवा अडवत नाही. जुन्या आवरणावर सांध्याच्या जागी काळपट डाग दिसला, तर तेथून हवा झिरपत असून तिच्यातील धूळ तंतूंमध्ये गाळली गेली आहे, असे समजावे. यंत्राकडून खोल्यांकडे हवा नेणाऱ्या, म्हणजे पुरवठ्याच्या डक्टमधून हवा बाहेर गळाली की घरातील दाब घटतो आणि बाहेरची हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते. अशा घरात धुराड्याला जोडलेले गॅसचे उपकरण असेल, तर कार्बन मोनॉक्साइड उलटे घरात येण्याचा धोका संभवतो. खोल्यांतली हवा यंत्राकडे परत नेणाऱ्या डक्टला गळती असेल, तर पोकळीतली गरम, धुळकट हवा थेट यंत्रात शिरते. यांपैकी एकही दोष आवरण चढवून जात नाही.

गळती बुजवण्यासाठी मॅस्टिक हा लेप सर्वांत भरवशाचा आहे. तो ब्रशने जाडसर लावावा आणि सुमारे ६ मिलिमीटरहून रुंद फट असल्यास आधी काचतंतूंची जाळी बसवावी. डक्टसाठी प्रमाणित केलेली फॉइल टेप लावायला सोपी आहे, पण पत्रा पुसून कोरडा केलेला नसेल तर ती सुटते. कापडी ‘डक्ट टेप’ मात्र नावाप्रमाणे वागत नाही. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये जाहीर केलेल्या चाचण्यांत उष्णतेखाली हीच टेप निकामी ठरली होती. भिंतीआड गेलेल्या सांध्यांपर्यंत हात पोचत नसेल, तर खोल्यांत हवा येण्या-जाण्याच्या तोंडांवरील सर्व जाळ्या बंद करून डक्टमध्ये दाबाखाली चिकट कण सोडण्याची पद्धत उपयोगी पडते, कारण हे कण फटींच्या कडांवर साचत जाऊन त्या बुजवतात. तिला तज्ज्ञ आणि खास यंत्रसामग्री लागते, खर्चही अधिक येतो, आणि निखळलेला सांधा तिने जोडला जात नाही.

सांधे बुजल्यावर इन्सुलेशनचा खरा लाभ मिळू लागतो. छताखालच्या पोकळीतील डक्टसाठी अमेरिकी नियमावलीत सामान्यतः आर-८ इतका उष्णतारोध अपेक्षित असतो (‘आर’ हे उष्णतारोधाचे माप; आकडा मोठा, तितका रोध अधिक). दमट हवेत गार डक्टवर आवरणाच्या बाहेरच्या अंगाला बाष्परोधक थर अखंड हवा. तो कुठे फाटला तर ओलावा आत शिरून पत्र्यावर पाणी धरते आणि आवरण भिजून निरुपयोगी होते.

डक्ट बदलण्याचा खर्च मी तरी सरसकट सुचवणार नाही. ते चेपले असतील, आतून सडले असतील किंवा मुळातच आकाराने अपुरे असतील, तरच हा पर्याय रास्त ठरतो. लवचिक डक्ट बसवताना जास्तीची लांबी वेटोळे करून ठेवू नये, तो ताणून बसवावा आणि लोंबू नये म्हणून साधारण दर १.२ मीटरवर आधार द्यावा, अन्यथा नव्या डक्टमधूनही हवा अडखळतच जाईल.

काम कोणतेही निवडले, तरी ठेकेदाराकडून गळतीची मोजणी करून घ्यावी. या चाचणीत सर्व जाळ्या बंद करून पंख्याने डक्टमध्ये २५ पास्कल दाब राखला जातो आणि तो टिकवण्यासाठी किती हवा भरावी लागते ते नोंदवले जाते. कामाआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे लेखी देण्यास ठेकेदार तयार नसेल, तर दुसरा शोधावा.