सिन्नरचं गारगोटी की गुजरातचं रायोली?

भाचीला दगडांचं वेड आहे. खिशात, दप्तरात, एकदा तर वॉशिंग मशीनमध्येही सापडले. सुट्टीत तिला सिन्नरचं गारगोटी हे खनिजांचं संग्रहालय दाखवावं की बालासिनोरजवळचं रायोलीचं डायनासोर पार्क, यावर घरात बरीच घासाघीस झाली आणि शेवटी दोन वर्षांत दोन्ही करून झालं. तुमच्याकडे हाच घोळ चालू असेल तर माझं ऐका, पण माझं म्हणून ऐका.

खरं तर दोन्ही ठिकाणी एकाच गोष्टीचे पुढचे-मागचे भाग दिसतात. रायोलीची डायनासोरची अंडी लामेटा थरातली, म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याखालच्या खडकातली. मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हा पसरला, त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि अनारशाला पडते तशी दगडाला जाळी पडली. पुढे झिरपलेल्या पाण्यातून त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. सिन्नरला काचेत बसलेत ते बरेचसे हेच.

रायोलीला आम्ही मे महिन्यात गेलो, ही चूक आमचीच. अंडी बाहेर, उघड्यावरच्या खडकात आहेत. गाईडने दाखवेपर्यंत मला नुसता दगड दिसत होता. त्याने कडेकडेने बोट फिरवलं आणि फुटक्या करवंटीसारखी एक गोल रेघ दिसू लागली. मग शेजारी दुसरी, पलीकडे तिसरी. तो क्षण सिन्नरला नाही, हे कबूल.

पण तिथल्या संग्रहालयात आत आल्यावर राजासॉरस या मांसाहारी डायनासोरपाशी भाचीने विचारलं, "मामा, हा खरा आहे?"

"नाही गं, प्रतिकृती आहे."

पुढच्याला तोच प्रश्न, तेच उत्तर. राजासॉरसची हाडं १९८० च्या दशकात मिळाली, २००३ मध्ये त्याला नाव मिळालं, अख्खा सांगाडा मिळालेलाच नाही, मग उरलेलं अंदाजानेच उभं करावं लागतं, आणि जगभर असंच करतात. हे सगळं मी तिला समजावलं. तिला पटलंही. पण चौथ्यांदा तिने विचारलंच नाही, नुसती पुढे गेली. मला ते फार लागलं.

सिन्नरला प्रश्न उलटा आला. कॅव्हन्साइटच्या एका तुकड्यासमोर ती थांबली. पांढऱ्या स्फटिकांवर निळे झुपके, कपड्यांना घालायच्या निळीसारखे गडद. "मामा, हे रंगवलंय ना?" नाही, असंच निघतं. कुठे? वाघोलीच्या खाणीत. "आपली वाघोली? आत्याची?" हो, तीच, पुण्याजवळची. मग ओकेनाइटचे गोळे, सावरीच्या कापसासारखे. ते मुंबईच्या खाणींतले. हिरवं अपोफिलाइट बघून तिला खडीसाखर आठवली. (नाव गारगोटी असलं तरी भाव खातात ती झिओलाइटं आणि लाव्ह्याच्या पोकळ्यांत त्यांच्यासोबत सापडणारी अशी खनिजं.) काचेआडूनच बघायचं, हात लावायचा नाही, हे साहजिक आहे. मला त्याचा त्रास झाला नाही, तिला थोडा झाला.

सोयीचं फारसं सांगण्यासारखं नाही. सिन्नर नाशिकहून अर्ध्या दिवसाचं काम, शिर्डीच्या वाटेवरच. रायोलीला निदान एक मुक्काम धरा, आणि डिसेंबर-जानेवारीतच जा.

पोराला डायनासोरची नावं तोंडपाठ असतील तर माझं ऐकू नका, रायोलीच गाठा. त्याला प्रतिकृतीही चालेल, आणि अंडी तर खरीच आहेत. पण पोर नुसतं खिशात दगड भरणारं असेल, तर मी आधी सिन्नरला नेईन. तिथे "खरं आहे?" ला दरवेळी "हो" म्हणता येतं, आणि "कुठलं?" ला आपल्याच गावांची नावं सांगता येतात.

दिवाळीत आत्याकडे निघताना भाचीच्या बॅगेत हातोडी निघाली. वाघोलीत आता सगळीकडे इमारती आहेत, हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.