घाटातली रेल्वे बघायची तर एक इंची शीट की अमेरिकन आर्मीची?

गोव्यातल्या कुळें ते कर्नाटकातल्या कॅसलरॉकचा जुना घाटातला रेल्वेमार्ग नकाशावर बघायचा असेल तर दोन पर्याय आहेत. एक, सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी एक इंची शीट (नकाशाचा कागद), म्हणजे एका मैलाला एक इंच, १:६३,३६०. दुसरा, अमेरिकन आर्मीने १९५० च्या दशकात छापलेली १:२,५०,००० ची शीट, ती टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने स्कॅन करून फुकट ठेवलीय.

आता हिशोब बघा. घाटाची लाईन साधारण २६ किमी, एक इंचीवर ती ४१ सेंमी येते आणि आर्मीच्या शीटवर जेमतेम १०, त्यामुळे दूधसागरपाशी रूळ कसे वळतात, कुठल्या ओहोळावरून जातात, हे दुसरीवर शोधत बसू नका, तिथे सगळं काळी रेघ आणि तपकिरी गुंता. १८८८ मध्ये मीटरगेज म्हणून सुरू झालेली ही लाईन, चढ ३७ ला १ (३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर), तो नेमका का आणि कसा साधला हे कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, मोजल्याशिवाय कळतच नाही आणि त्याला एक इंचीच हवी.

पण दूधसागरचं पाणी खांडेपार होऊन मांडवीला कुठे मिळतं हे एका नजरेत बघायला आर्मीचीच बरी, एक इंचीचे कागद एकमेकांना चिकटवत कोण बसणार.

आणि हो, झेरॉक्सवाल्याने माझी शीट 'फिट टू पेज' करून, म्हणजे कागदात बसेल अशी लहान करून दिली, तासभर पट्टीने चुकीचंच मोजत होतो! कॉपी काढताना नकाशावर छापलेली स्केलची पट्टी कापू नका, नकाशा लहान झाला की तीही तेवढीच लहान होते.