नागपूरच्या बर्डीवरच्या ॲक्वेरियम दुकानातलं लाइव्ह फूड (माशांचं जिवंत खाद्य), शाळेसाठी घेतलं त्याचा अनुभव

आमच्या शाळेत आठवीच्या पोट्ट्यांनी ॲक्वापॉनिक्स लावलंय, खाली 200 लिटरच्या टाकीत गप्पी आणि वर गिट्टीच्या वाफ्यात पालक नि पुदिना. माशांची घाण पाण्यात अमोनिया करते, बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते पालक खातो. इथपर्यंत सगळं जमलं होतं, पण गप्पीला पिल्लं झाली आणि कोरड्या खाद्याचा चुरा टाकला तर निम्मा तळाशी सडला, अमोनिया वाढला, पिल्लं मेली. पोरं रडली हो अक्षरशः.

मग पुढच्या पिल्लांना जिवंत खाद्य द्यायचं म्हणून आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव) अंडी ऑनलाइन मागवली, फुटलीच नाहीत. शेवटी बर्डीवरच्या या दुकानात गेले, तर काकांनी पॅकेट द्यायच्या आधी विचारलं, "मॅडम, मीठ कोणतं टाकता, हवा किती देता?" आम्ही घरचं आयोडीनवालं टाकत होतो! त्यांनी सांगितलं तसं केलं: लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर खायचा सोडा, बूड कापलेली बाटली उलटी टांगून एअर पंपाची नळी अगदी तळापर्यंत आणि वर बल्ब. 28 डिग्रीच्या आसपास 24 तासांत फुटतात, डिसेंबरच्या थंडीत आम्हाला दोन दिवस लागले. पंप बंद करून खालून टॉर्च लावला की टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात, ते बघायला अख्खा वर्ग बाकांवर चढला होता. बारीक कपड्यातून गाळून गोड्या पाण्याने धुवायचंच, नाहीतर मीठ टाकीत जातं आणि पालकाचं नुकसान. आणि लगेच खाऊ घालायचं, कारण जन्मताना पोटात असलेला बलक तासातासाने संपत जातो.

डॅफ्निया म्हणजे पाण्यातले पिसवांसारखे बारीक जीव, त्यांचं कल्चर (आपल्याकडे वाढवायची जिवंत पैदास) पण इथूनच घेतलं. हे गोड्या पाण्यातलं, म्हणून टाकीत टाकलं की मासे खाईपर्यंत जिवंत राहतं, आर्टेमिया थोड्या वेळाने मरतो. पण नाजूक फार, नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून क्लोरीन उडवल्याशिवाय वापरू नका. त्यांना खायला टाकतो ते यीस्ट जरा जास्त पडलं आणि एका रात्रीत पाणी नासून सगळं संपलं, ती चूक आमची. एप्रिलमध्ये उन्हाने पण एकदा मेलं, तेव्हा काकांनी सांगितलं की प्लास्टिकचा टब सोडा, सावलीत मातीचा रांजण ठेवा आणि भोवती ओलं पोतं गुंडाळा. नागपूरच्या उन्हात एवढा कामाचा सल्ला मला कुठेच मिळाला नव्हता.

तक्रारी पण आहेत. अंडी मोठ्या डब्यातून काढून पाकिटात भरतात, त्यावर तारीख नसते, त्यामुळे डबा कधी उघडला ते विचारून घ्या आणि घरी आणल्यावर हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेवा, ओल लागली की फुटत नाहीत. शाळेसाठी पक्कं बिल दोनदा मागावं लागलं. एकदा दुपारी भरलेल्या पिशवीतलं निम्मं डॅफ्निया मेलेलं निघालं, ते सांगितलं तर न कुरकुरता दुसरी पिशवी दिली. किंमत ऑनलाइनपेक्षा थोडी जास्त आहे, मला ती चालते.

मे महिन्यात कल्चर घेऊच नका, सुटीत बघायला कोणी नसतं. आमची शाळा जूनच्या शेवटी उघडेल तेव्हा मी परत इथेच जाणार आहे, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, आणि पिशवी ऑटोत पायाशी सावलीत ठेवून आणणार.