जुनं .32 रिव्हॉल्व्हर घेताना अशी फसवणूक होते

एका परवानाधारकाने कानपूरचं जुनं .32 रिव्हॉल्व्हर घेतलं. नवंकोरं ब्लूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर), "कपाटातच पडून होतं" हे आश्वासन, घोडा (मागचा ठोकणारा भाग) ओढला की सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता गोल भाग, टक्कन जागेवर. रेंजवर पहिल्याच दिवशी बाजूला उभ्या असलेल्याच्या हाताला शिशाचे कण लागले. पावतीवर मात्र "आहे त्या स्थितीत" असं लिहिलेलं. पैसे गेले ते गेलेच.

खरी चलाखी घोडा ओढून दाखवण्यात होती. घोडा झटक्यात ओढला की सिलिंडर स्वतःच्या वेगानेच पुढे सरकून खाचेत बसतो, त्याला फिरवणारे मागचे दाते झिजलेले असले तरी. म्हणून घोडा स्वतःच्या हाताने ओढा. आधी शस्त्र उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याची खात्री करा, त्यांत डमी काडतुसं भरा आणि नळी सुरक्षित दिशेला धरा. सिलिंडरला बोटाचा हलका अडसर देत घोडा अगदी सावकाश ओढा. घोडा शेवटी अडकतो, त्याच्या आत सिलिंडर खाचेत बसलाच पाहिजे. हे सहाही घरांना करायचं, कारण अनेकदा एखादाच दाता गेलेला असतो. सिलिंडर मागे राहिला तर घर नळीच्या रेषेत येत नाही, गोळी तोंडाशी तिरकी शिरते आणि खरवडलेलं शिसं बाजूच्या फटीतून उडतं.

घोडा चढवून, चापाला बोट न लावता, अंगठ्याने मागून पुढे रेटा. सुटला तर ते रिव्हॉल्व्हर धोकादायक आहे. तिथेच व्यवहार थांबवा.

मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या. सिलिंडर आणि नळीमधली फट 0.10 ते 0.20 मिमी असेल तर ठीक; 0.30च्या वर गेली तर नको. सिलिंडर पुढे आणि मागे दाबून दोनदा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरचा मागेपुढे होणारा खेळ, तो 0.1 मिमीपर्यंत गेला असेल तर झीज बरीच झाली आहे. मोजण्याआधी ग्रीस पुसून काढा, जाड ग्रीसखाली हा खेळ जाणवत नाही.

कानपूरचं हे रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडतं. एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरून आडवं हलवून बघा. बिजागरीची पिन किंवा वरची कडी झिजली असेल तर खटखट लगेच कळते. विकणारा कडीवर अंगठा दाबून दाखवत असेल तर तो काढायला सांगा.

ब्लूइंग नवं आणि कोरलेली अक्षरं पुसट, कडा गोल, स्क्रूच्या खाचा चिरडलेल्या, म्हणजे गंजाचे खड्डे घासून वर रंग चढवला आहे. नंबर घासलेला वाटला तर हातही लावू नका. शस्त्र अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे असं शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच नंबर खोडला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे त्यालाच सिद्ध करावं लागतं.

दोन परवानाधारकांमधल्या विक्रीआधी विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. विसार या मुदतीच्या सुरुवातीलाच मागितला जातो आणि शस्त्र तोवर त्याच्याकडेच राहतं. म्हणून तपासणी विसाराआधी करा, ताबा घेताना पुन्हा करा, आणि दोष निघाल्यास विसार परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या.