फिफ्थ-व्हील ट्रेलरची स्टेपनी: पोटाखाली, मागे की पिकअपच्या हौद्यात?

फिफ्थ-व्हील म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेल्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर) नाक टेकवून चालणारा राहण्याचा ट्रेलर. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात आणि त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत स्टेपनी पोटाखाली आडवी टांगलेली असते. (‘स्टेपनी’ म्हटलेलं तिथल्या टायरवाल्याला कळणार नाही. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ साली डेव्हिस बंधूंनी जादा चाक काढलं, त्या रस्त्याचं नाव आपल्याकडे रुळलं. तिकडे ‘स्पेअर’ म्हणा.)

नवा ट्रेलर घेणाऱ्याला किंवा असलेला सुधारणाऱ्याला एवढंच ठरवायचं असतं: ही स्टेपनी आहे तिथेच ठेवायची की हलवायची? जागा कुठे आहे यावरून ठरवायला गेलात तर उत्तर नेहमी ‘पोटाखाली’ असंच येईल, कारण तिथे जागा फुकट असते. महामार्गाच्या कडेला, उजवं चाक पंक्चर होऊन बसलेलं, ट्रेलर पिकअपला जोडलेला, अशा स्थितीत ती एका माणसाला बाहेर काढता येईल का, हे विचारलंत तर उत्तरं बदलतात.

आधी वजन. मध्यम आकाराच्या फिफ्थ-व्हीलवर सर्रास दिसणारा टायर म्हणजे एसटी २३५/८० आर १६ (‘एसटी’ म्हणजे खास ट्रेलरसाठीचा). उभा केला तर सुमारे ७८ सेंमी उंच, रुंदी साधारण २४ सेंमी, आणि लोखंडी रिमसह वजन ३० ते ३४ किलो. जड ट्रेलरवर साडेसतरा इंची रिम असते. ते चाक पन्नास किलोच्या घरात जातं, आणि तिथे सगळा हिशोब वेगळा होतो.

पोटाखाली, तारेच्या विंचवर

सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात जास्त छळणारा प्रकार. चासीच्या आडव्या पट्टीला एक छोटा विंच (तार गुंडाळून ओझं उचलणारी चरखी), त्यावर तारेचा दोर, दोराच्या टोकाला एक चकती. चकती रिमच्या मधल्या भोकातून तिरकी घालून आडवी करायची, मग बाजूच्या नळीतून लांब दांडा घालून फिरवायचं की चाक वर जाऊन चासीला टेकतं.

बिघडतं ते असं. तार बाहेरून ठीक दिसते, पण पाणी आणि मीठ पेडांच्या आत शिरतं आणि ती आतून गंजते. मिशिगन, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे हे लवकर होतं. तुटते ती बहुधा चकतीजवळ, जिथे तार दाबून बसवलेली असते. दुसरं, चाक चासीला घट्ट टेकलेलं नसेल तर प्रत्येक खड्ड्यात ते झोके खातं. मग तारेचा तोच भाग पुन्हा पुन्हा वाकतो आणि एकेक तंतू तुटत जातो. तिसरं कारण क्वचितच कोणी मोजून बघतं: सहा नटांच्या ट्रेलर-रिमचं मधलं भोक साधारण १०८ मिमी असतं, आठ नटांच्या रिमचं साधारण १२४ मिमी. लहान भोकासाठी केलेली चकती मोठ्या भोकात कडेला सरकली की तिरकी होऊन निसटू शकते. रिम बदलली असेल तर चकतीही मोजा.

विंचचं गिअरही नाजूक असतं. ड्रिल किंवा इम्पॅक्ट गन लावून चाक वर खेचलं की दाते झिजतात, म्हणून हातानेच फिरवा. खाली सोडताना तार पूर्ण सुटल्यावरही फिरवत राहिलात तर ती ड्रमवर उलटी गुंडाळली जाते आणि पीळ पडतो. चाक जमिनीला टेकून तार जराशी सैल झाली की थांबायचं. दांड्याची नळी आणि विंचची खाच यांची रेघ जुळत नसेल तर दांडा आत चाचपडत बसावं लागतं, आणि दांडाच हरवला असेल तर सगळंच संपलं. तो रोजच्या हत्यारांच्या डब्यात नको, हिचच्या सामानाबरोबर ठेवा.

पण खरी अडचण चाक खाली उतरल्यावर सुरू होते. ट्रेलर बसलेल्या चाकाच्या बाजूला झुकलेला असतो. स्टेपनी पोटाच्या मध्यावर पडलेली असते, आणि बाहेर येण्याच्या वाटेत कुठे सांडपाण्याची नळी, कुठे मागचा स्टॅबिलायझर जॅक (उभा ट्रेलर हलू नये म्हणूनचा टेकू), कुठे पायऱ्या. खाली खडी असेल तर ३४ किलोचं आडवं चाक हाताने सरकत नाही. यावर उपाय स्वस्त आहे. साधारण ६० बाय ९० सेंमीचा प्लायवूडचा तुकडा स्टेपनीखाली सरकवा, मग चाक त्यावर उतरवा, रिमच्या भोकातून दोरी ओवा आणि बाहेर उभं राहून ओढा. अंगाने खाली शिरायचं नाही, विशेषतः ट्रेलर जॅकवर असताना.

जोडॲक्सलच्या (प्रत्येक बाजूला दोन चाकं असलेल्या) ट्रेलरवर अजून एक युक्ती चालते: त्याच बाजूचं चांगलं चाक पायरीच्या ठोकळ्यावर चढवायचं. ट्रेलरची ती बाजू उचलली जाते, पंक्चर चाक बरंच मोकळं होतं आणि स्टेपनीच्या वाटेलाही काही सेंमी जास्त मिळतात. पण ठोकळ्यावर चढवण्याआधी पंक्चर चाकाचे नट थोडे सैल करून घ्या, आणि चढवल्यावर दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून अडसर लावा. जॅक लावायचाच असेल तर चासीखाली, बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागी. ॲक्सलच्या नळीच्या मधोमध लावला तर नळी वाकू शकते आणि मग टायर एका कडेने झिजत राहतात.

शेवटची तक्रार हवेची. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला असेल तर गेज लावताच येत नाही, आणि न बघितलेलं चाक महिन्याला एक-दोन पीएसआय हवा सोडत राहतं. ई दर्जाच्या टायरला (हे अक्षर टायर किती भार पेलतो ते सांगतं) ८० पीएसआय लागतात. तीन वर्षं हात न लावलेल्या स्टेपनीत किती उरले असतील हे तुम्हीच काढा. बाहेरची बाजू खाली ठेवून चाक टांगता येत असेल तर तसं टांगा, नाहीतर व्हॉल्व्हला जाळीदार धातूची लवचीक नळी लावून कडेपर्यंत आणा. टायर-प्रेशरच्या सेन्सरांत एक जादा घेऊन स्टेपनीला बसवला तर तेवढं वाकणंही वाचतं.

एवढं सगळं असूनही सोळा इंची चाक आणि मोकळी वाट असेल तर विंच काढून टाकायचं कारण नाही. तारेव्यतिरिक्त रिमच्या भोकातून पाव इंची साखळी घालून ती चासीला शॅकलने (खिळीच्या लोखंडी कडीने) बांधा. तार तुटली तरी चाक मागच्या गाडीसमोर जाणार नाही. कापडी रॅचेट पट्टा नको, तो चासीच्या कडेवर घासून कापला जातो. वर्षातून दोनदा चाक पूर्ण खाली उतरवून तार बोटांनी नव्हे, चिंधीने पुसून बघा. चिंधी अडकली की तंतू तुटलेत, तार बदला.

पोटाखाली, पण लोखंडी ट्रेवर

एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला नट किंवा खिट्टी. तार नाही, गिअर नाही, चाक झुलत नाही. मिठाच्या प्रदेशात विंचपेक्षा हेच चांगलं. दोष दोन. नट गंजून बसतो, म्हणून दर मोसमाला अँटी-सीझ (नट जाम होऊ न देणारं) ग्रीस लावायचं आणि त्या मापाचा लांब दांड्याचा पाना जवळ ठेवायचा. आणि खिट्टी काढताक्षणी चाकासकट ट्रे धाडकन खाली येतो. आधी बाटली-जॅक किंवा लाकडी ठोकळा टेकवा, मग खिट्टी. बाहेर ओढण्याचा त्रास मात्र विंचइतकाच राहतो.

मागच्या बंपरवर

चटकन हाती येतं, हवा बघता येते, वाकावं लागत नाही. म्हणून सगळ्यांना मोह पडतो. पण बऱ्याच ट्रेलरचा मागचा चौकोनी बंपर म्हणजे पातळ पत्र्याची चार इंची नळी, खरं तर सांडपाण्याचा पाइप ठेवायची जागा. तिचे जोड मागच्या भाराच्या उसळ्यांसाठी केलेले नसतात. ३४ किलोचं चाक खड्ड्यात आपल्या वजनाच्या कितीतरी पट झटका देतं, आणि वेल्डिंगला आधी केसासारखी चीर आणि मग पूर्ण तडा जातो.

‘मागे वजन टाकलं की किंगपिनवरचा (ट्रेलरच्या नाकाखालच्या, हिचमध्ये अडकणाऱ्या खुंटीवरचा) भार कमी होतो’ ही भीती इथे फारशी खरी नाही. चाक आणि ब्रॅकेट मिळून ४५ किलो, ॲक्सलच्या मध्यापासून साडेचार मीटर मागे, आणि किंगपिन साडेसात मीटर पुढे असेल तर पिनवरून उतरतात ४५ × ४.५ ÷ ७.५, म्हणजे २७ किलो. पाच टनी ट्रेलरच्या पिनवर साधारण एक टन असतो, त्यात हे कुठेच नाही. वाईट आहे तो झटका. चासीच्या दोन्ही मुख्य गर्डरांना जोडणारी आडवी पट्टी टाकून त्यावर दोन इंची रिसीव्हर (रॅक किंवा ब्रॅकेट खोचायची चौकोनी नळी) बसवून घेतला, तर मागची जागा चांगली. नुसत्या बंपरला नटबोल्टने अडकवायचं ब्रॅकेट घेऊ नका. मागे सायकलींचा रॅकही लावायचा असेल तर रिसीव्हरच्या मर्यादेत दोन्ही धरा आणि नंबरप्लेट, दिवे झाकले जात नाहीत ना ते बघा.

पिकअपच्या हौद्यात

पन्नास किलोच्या चाकांसाठी आमची पसंती हीच. ट्रेलर कितीही झुकला तरी स्टेपनीची वाट अडत नाही. पण तीन गोष्टी मोजा. एक, पिकअपच्या दारातल्या पिवळ्या लेबलावरचा भार: त्यात माणसं, पिनचा भार, हिच आणि आता हे चाकही आलं. दोन, आखूड हौद्यात वळताना ट्रेलरचं नाक कॅबकडे सरकतं. चाक उभं ठेवलंत तर नाक त्याला लागत नाही ना, हे रिकाम्या मैदानात पूर्ण वळवून बघा. तीन, एवढं चाक हौद्याच्या भिंतीवरून उचलून उतरवणं हा पाठीचा प्रश्न आहे. मागचं झाकण ट्रेलर जोडलेला असताना सहसा नीट उघडत नाही, म्हणजे बाजूनेच उतरवावं लागतं. एकटे प्रवास करणाऱ्यांनी हे आधी घरी करून पाहावं.

ट्रेलरच्या सामानाच्या कप्प्यात ठेवण्याचा पर्यायही आहे. चोरी नाही, गंज नाही, पण जागा जाते आणि प्रत्येक वेळी आधी अर्धं सामान बाहेर काढावं लागतं.

मग कोणी काय घ्यावं?

सोळा इंची चाकं, बहुतेक प्रवास टेक्सस-ॲरिझोनासारख्या कोरड्या भागात: विंच ठेवा, साखळी आणि प्लायवूड वाढवा. मिठाचे रस्ते: ट्रे. मागे पक्का रिसीव्हर आधीच आहे: मागे. साडेसतरा इंची चाकं आणि पिकअपमध्ये भाराला वाव आहे: हौदा. वाव नसेल तर विंचच, पण कमाल भार चाकाच्या वजनापेक्षा बराच जास्त असलेला.

कोणताही पर्याय घेतलात तरी स्टेपनी चालू चाकांच्याच दर्जाची हवी. टायर ई वरून जी दर्जाचे केले (११० पीएसआय) आणि स्टेपनी ई राहिली, तर ती लावून पूर्ण भाराने गाडी हाकता येत नाही. रिमही त्या दाबाला चालणारी असली पाहिजे. स्टेपनीच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे (टायर कधी बनला ते यात असतं) शेवटचे चार आकडे वाचा: ‘३४१९’ म्हणजे २०१९ सालचा ३४ वा आठवडा.

चाक बदलल्यावर अर्धा इंची स्टडचे नट तीन टप्प्यांत, समोरासमोर, ९० ते १२० फूट-पाउंडांपर्यंत आवळा आणि पुढे १०, २५ व ५० मैलांवर थांबून टॉर्क-पान्याने पुन्हा तपासा. जाड स्टड असतील तर आकडा ॲक्सलच्या पुस्तिकेतून घ्या.

ट्रेलर अजून विकत घ्यायचा असेल तर ताबा घेण्याआधी डीलरच्या आवारातच स्टेपनी खाली उतरवून पूर्ण बाहेर काढून दाखवायला सांगा. दांडा सापडत नाही असं उत्तर आलं तर दांडा येईपर्यंत सही करू नका.