दोन बोटं, शंभराचा स्टॅम्प आणि ‘लेबर ऑफिसचे साहेब’

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, कुदळवाडी, चाकण या पट्ट्यातल्या छोट्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, तुमच्या घरातलं कुणी पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसवर काम करत असेल, तर अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात काय काय घडतं ते माहीत असलेलं बरं. आमची फसवणूक त्याच आठवड्यात झाली. कळली दोन वर्षांनी.

फसला तो माझा मेहुणा. खरं नाव देत नाही, सचिन म्हणू. लातूरकडचा, तेव्हा वय पूर्ण तीस, भोसरीत खोली करून राहायचा. शॉप सहा-सात माणसांचं. पत्र्याचे ब्रॅकेट दाबायचे आणि माल कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या व्हेंडरच्या व्हेंडरकडे जायचा. पगार अठरा हजार, काही रोख, काही शेठच्या बायकोच्या खात्यावरून गुगल पेने. पगाराची स्लिप नाही, हजेरी शेठच्या वहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये रात्रपाळीला प्रेस डबल झाली, म्हणजे पेडल एकदाच दाबलं आणि रॅम (वरून दाबणारा भाग) लागोपाठ दोनदा खाली आला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली. मशीनला गार्ड नव्हता. सेन्सरचा तर प्रश्नच नाही.

शेठने स्वतः गाडीत घालून खाजगी हॉस्पिटलला नेलं, ऑपरेशनचे पैसे भरले. मी आणि बायको पोचलो तर हा माणूस बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसलेला. “दाजी, पोरगा माझ्या घरचाच आहे, मी बघतो सगळं.” त्याच्याबद्दल आदरच वाटला. फक्त आम्ही पोचायच्या आधी डॉक्टरांनी ‘कसं झालं’ विचारलं तेव्हा उत्तरही यानेच दिलं होतं. केस पेपरवर इंग्रजीत लिहिलं गेलं की घरी पत्रा कापताना दुखापत. कामावरचा अपघात म्हटला असता तर पोलिसांना कळवून एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) झाली असती. ती झाली नाही. त्या एका ओळीवरून आज कोर्टात सगळ्यात जास्त वाद चाललाय. म्हणून सांगतो, पेशंटला टाके पडत असतील तरी घरच्या एकाने केस पेपर मागून ‘हिस्टरी’ वाचावी. चुकीची असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी आणि अर्जाची पोच ठेवावी.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी शेठ शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर घेऊन आला. मजकूर टाइप केलेला: अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला, मालकाने माणुसकीच्या नात्याने उपचाराचा खर्च व रोख चाळीस हजार दिले, ते पूर्ण व अंतिम असून यापुढे मी कसलीही मागणी, तक्रार किंवा दावा करणार नाही. सचिनचा उजवा हात बँडेजमध्ये, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. “हॉस्पिटलचं बिल कंपनीच्या खात्यात दाखवायला लागतं” असं कारण सांगितलं. आमच्या हातात झेरॉक्स आली ती पुढच्या बाजूची.

‘साहेब’ त्याच संध्याकाळी वॉर्डात उगवले. पांढरा शर्ट, काखेत रेक्झिनची फाइल, पन्नाशीचे. दुसऱ्या पेशंटला भेटायला आलो होतो, पट्टी बघून थांबलो, म्हणाले. “मी लेबर ऑफिसची कामं करतो.” (ऑफिसात करतो असं ते कधीच म्हणाले नाहीत, हे आता लक्षात येतं.) पहिला प्रश्न त्यांचा असा: “ईएसआय कापतात का?” नाही म्हटल्यावर ते स्टूल ओढून बसले.

या प्रश्नाचा अर्थ मला फार उशिरा कळला. दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर कामगार राज्य विमा, म्हणजेच ईएसआय, लागतो. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. तिथे कामावर दुखापत झाली तर ईएसआय महामंडळ कामावर न जाता आलेल्या काळाचे पगाराच्या सुमारे ९० टक्के देतं. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हा हक्क असतो. पण मग मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही, आणि मध्यस्थाला चरायला जागाही उरत नाही. सचिनचं शॉप दहाच्या आत, म्हणजे त्याला लागू १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. तिथे पैसे थेट मालकाच्या खिशातून येतात.

साहेबांनी आकडा सांगितला: “पाच-सहा लाख काढून देतो.” पंचवीस हजार आधी, वसूल होईल त्यातले तीस टक्के नंतर. शेठने दिलेल्या चाळीसमधलेच पंचवीस त्यांना गेले. वर डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, आधार, बँक पासबुक, सगळं मूळ स्वरूपात फाइलमध्ये गेलं. कोऱ्या वकीलपत्रावरही अंगठा झाला.

तेव्हाच्या कायद्याचा खरा हिशेब सांगतो, कारण तो कुणीच सांगत नाही. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या ६० टक्क्यांना वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणतात. पगार कितीही असो, ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. तीस वर्षांना गुणक २०७.९८. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, बरोबर १८,७१,८२० रुपये. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कुठला अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के गेली याची यादीच आहे. अंगठा ३० टक्के, एका हाताची दोन बोटं २० टक्के, तीन बोटं ३०, चार बोटं ५०. सचिनचे २० टक्के, म्हणजे ३,७४,३६४ रुपये. शिवाय काम बंद होतं त्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. मालकाने महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. साहेबांचा ‘पाच-सहा लाख’ हा आकडा अगदी हवेतला नव्हता, हीच त्यांची खुबी. पूर्ण खोटं बोलणारा माणूस लवकर पकडला जातो.

पुढे सुरू झालं ते तारखांचं. “अर्ज दाखल झाला.” एक नंबर लिहून दिला. “तिथले साहेब रजेवर आहेत.” “नोटीस शेठने घेतली नाही, पुन्हा काढलीय.” दिवाळीला फोन करून सचिनच्या आईची चौकशी करायचे. मध्ये ‘मेडिकल सर्टिफिकेटला’ म्हणून आणखी दहा हजार नेले. सचिन तोवर डाव्या हाताने पॅकिंग शिकून एका गोडाऊनला लागला होता, त्यामुळे घाई कुणालाच नव्हती. साहेबांना तर नव्हतीच.

नंतर माझ्या ऑफिसातल्या एकाच्या भावाची अशीच केस निघाली, तेव्हा त्याने सहज विचारलं, “दोन वर्षं उलटली नाहीत ना?” या कायद्याखाली अपघातापासून दोन वर्षांत नुकसानभरपाई आयुक्तांपुढे दावा करावा लागायचा. पुण्यात ते काम कामगार न्यायालयाचे न्यायाधीश बघतात. मी शिवाजीनगरला जाऊन त्या नंबरची चौकशी केली. नंबर होता, पण दुसऱ्याच माणसाच्या, दुसऱ्याच वादाचा. सचिनच्या नावाने काहीही दाखल नव्हतं. आणि दोन वर्षं नुकतीच सरली होती.

साहेब आमचे पस्तीस हजार खाऊन पळाले, एवढीच ही फसवणूक असेल असं मला तोपर्यंत वाटत होतं.

दाव्याची मुदत गेली तरी दार पूर्ण बंद होत नाही. उशिराचं पुरेसं कारण दाखवता आलं तर आयुक्त दावा दाखल करून घेऊ शकतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला आणि वकीलबाई फुकट मिळाल्या. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्यात आहे. आम्हाला तो हॉस्पिटलात कुणी सांगितला नाही, आणि सांगण्यात कुणाचा फायदाही नव्हता. याच वकीलबाईंनी सांगितलं की निकालातल्या रकमेचे टक्के फी म्हणून ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. तेव्हा कुणी ‘तीस टक्के’ म्हणाला, की तो एकतर वकील नाही किंवा नियम मोडतोय.

मूळ कागद साहेबांकडे अडकलेले. हॉस्पिटलकडे लेखी मागणी केली आणि नकला मिळाल्या. पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. पण भरती पेशंटच्या नोंदी तीन वर्षंच सांभाळण्याचं बंधन असतं, हेही ध्यानात ठेवा. आम्ही त्या मुदतीच्या आत पोचलो, इतकंच नशीब.

मग शेठची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली. त्यात तीन गोष्टी. एक, सचिन माझा कामगार नव्हताच, जॉबवर्क घरी न्यायचा. दोन, कामगार मानला तरी त्याने स्वतः गार्ड काढला. तीन, तडजोड झालेली आहे, हा स्टॅम्प बघा. (कामगार नव्हता तर तडजोड कशाची, हे मी न्यायाधीश नसूनही विचारावंसं वाटतं.) पहिल्या मुद्द्याला उत्तर गुगल पेचे व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचे “आज नाइट कर, माल अर्जंट आहे” असले मेसेज. दुसऱ्याबद्दल कायदा असा की साधा निष्काळजीपणा मालकाला सोडवत नाही. दारू प्यायलेला असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं किंवा माहीत असून गार्ड काढणं, एवढ्याच सबबी चालतात, त्याही मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व असेल तर चालत नाहीत. मुळात नसलेला गार्ड कोण काढणार? आणि तिसरा, स्टॅम्पचा मुद्दा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दबातल असतो. तडजोड करायचीच तर तिचं टिपण मालकाने आयुक्तांकडे नोंदवायला पाठवायचं असतं. रक्कम अपुरी किंवा दबावाने, फसवून ठरलेली वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. नोंदवली नाही तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो. ज्या कागदाच्या धाकाने आम्ही गप्प होतो त्याची किंमत ही.

पण त्या कैफियतीला स्टॅम्पच्या दोन्ही बाजू जोडलेल्या होत्या. मागच्या बाजूला मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का असतो: अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव, दुसऱ्या पक्षाचं नाव, आणि ‘हस्ते’, म्हणजे प्रत्यक्ष कुणी येऊन नेला त्याचं नाव. वकीलबाईंनी पेनचं टोक तिथे ठेवलं. घेणारा शेठ. तारीख अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची. हस्ते, आमचे साहेब. आडनावासकट.

म्हणजे वॉर्डात ते योगायोगाने आले नव्हते. चाळीस हजारांची तडजोड कोर्टात टिकणार नाही हे शेठला नसेल, पण त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून नुसता कागद पुरेसा नव्हता. दोन वर्षं कुणीतरी आमच्या बाजूचा म्हणून उभं राहायला हवं होतं, म्हणजे आम्ही दुसऱ्या कुणाकडे जाणार नाही. आमच्याकडून घेतलेले पैसे ही वरकमाई. साहेबांच्या कामाचा खरा मोबदला कुठून आला असेल ते तुम्हीच ठरवा.

या शिक्क्यामुळे एक झालं. उशीर का झाला याचं उत्तर समोरच्यांनीच लिहून दिल्यासारखं होतं, आणि विलंब माफ झाला. दावा आता पुराव्याच्या टप्प्यावर आहे. पोलिसांत अर्ज दिलाय. तिथे “हा तुमचा व्यवहाराचा वाद” असं पहिलं उत्तर मिळालं, स्टॅम्पची मागची बाजू दाखवल्यावर अर्ज ठेवून घेतला.

दरम्यान २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात गेला. आमचा अपघात आधीचा, म्हणून आमचा हिशेब जुना. तुमचा अपघात त्या तारखेनंतरचा असेल तर मुदत आणि आकडे नव्या संहितेतून विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडूनच तपासून घ्या, वॉर्डात भेटलेल्या कुणाकडून नको.

गेल्या महिन्यात साहेबांचा मेसेज आला, त्याच जुन्या नंबरवरून. “दाजी, गैरसमज नको. शेठ दीड लाखाला तयार आहेत, फक्त कोर्टातून काढून घ्या. माझं काही नको.” त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह वकीलबाईंकडे पोचलाय.